चुन्यात मुरणारी काच

मराठीत 'गच्ची' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यात चुना दडलेला आहे हे लक्षातही येत नाही. फारसीत 'गच' म्हणजे गिलाव्याचा मसाला. चुना ठोकून-घोटून घट्ट केलेली जमीन ती गच, आणि घराच्या माथ्यावरची तशी जमीन म्हणजे गच्ची. पक्क्या, दणकट कामाला जुने लोक 'चुनेगच्ची बांधकाम' म्हणत. आजची गच्ची सिमेंटची असते, तिच्यावर दर तीन-चार वर्षांनी कुठल्या तरी रसायनाचा थर चढतो आणि तरीही श्रावणात ती गळते. मुंबईत हार्बर मार्गावर चुनाभट्टी नावाचे स्थानक आहे, तिथेही आता फक्त नावच राहिले आहे. बोलीत तर 'चुना लावणे' म्हणजे सरळ फसवणे. ज्या पदार्थाने आपले वाडे, घाट, मंदिरे आणि तटबंद्या शतकानुशतके धरून ठेवल्या, त्याच्या वाट्याला भाषेत एवढेच यावे हे जरा अन्यायाचे आहे.

अलीकडे मात्र जगभरच्या बांधकाम-संशोधनात चुना पुन्हा बोलावला जातो आहे, आणि येताना तो एक अनपेक्षित सोबती घेऊन येतो आहे: फुटक्या बाटल्यांची पूड. चुन्याच्या गिलाव्यात आणि दर्जा भरायच्या मसाल्यात दळलेली काच मिसळायची, ही कल्पना ऐकताना आधुनिक काळातला एखादा पर्यावरणी छंद वाटते. प्रत्यक्षात तिचे मूळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन बंदरांत आहे आणि आपल्या गवंड्यांच्या सुरखीतही आहे. ती का चालते, कुठे चालते आणि कुठे मुळीच वापरू नये, हे समजून घ्यायचे तर आधी चुन्याचा स्वभाव पाहिला पाहिजे.

चुनखडी सुमारे ९०० अंशांपर्यंत भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. हिशेब अगदी रोखठोक आहे. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळी मिळते आणि ४४ किलो कर्बवायू हवेत जातो. कळीवर पाणी टाकले की ती फुसफुसते, तापते, फुटते आणि विरलेला चुना तयार होतो. भिंतीवर लावल्यावर हा चुना हवेतला कर्बवायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगडाचा चुना आणि चुन्याचा दगड, असे ते चक्र आहे. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हे चक्र काचेच्या नळीत पाहिलेलेच आहे.

पण या चक्राची एक अडचण आहे. शुद्ध चुना केवळ हवेवर घट्ट होतो. जिथे हवा पोचत नाही तिथे, म्हणजे जाड भिंतीच्या पोटात, जमिनीखाली, पाण्यात, तो महिनोन्‌महिने लोण्यासारखा मऊ राहतो. वरचे कवच कडक आणि आत ओला लगदा. कोकणासारख्या प्रदेशात, जिथे चार महिन्यांत तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे असा चुना एकट्याने फार टिकाव धरू शकत नाही. त्याला आतून घट्ट करणारा, पाण्यातही आवळणारा कोणी तरी जोडीदार लागतो.

हा जोडीदार रोमन लोकांना नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावात सापडला. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की मसाला पाण्याखालीसुद्धा दगडासारखा होतो. त्या गावावरून अशा पदार्थांना 'पोझोलाना' हे नाव पडले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या वास्तुरचनाकाराने आपल्या ग्रंथात समुद्रातल्या बांधकामासाठी एक भाग चुना आणि दोन भाग ही राख असे प्रमाण दिले आहे. त्याच ग्रंथात आणखी एक बारीकशी सूचना आहे, आणि आपल्यासाठी तीच महत्त्वाची. नदीची वाळू वापरायची असेल तर तिच्यात कुटून चाळलेल्या भाजक्या विटांची एक तृतीयांश भर घालावी, मसाला अधिक चांगला होतो. ही आपली सुरखीच. रोमन गवंडी आणि आपला गवंडी यांची कधी भेट झाली असेल की नाही कोण जाणे, पण दोघांना एकच गोष्ट कळली होती.

आपल्याकडे चुन्याची दोन घराणी होती असे म्हणायला हरकत नाही. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजून चुना करत. तो फार शुद्ध, पांढराशुभ्र, लोण्यासारखा, पण त्यामुळेच मघाशी सांगितलेल्या अडचणीचा. देशावर काळ्या मातीत सापडणारे कंकर, म्हणजे चुनखडीचे ओबडधोबड खडे, भाजत. या खड्यांत मातीचा अंश असतो. भाजताना ती मातीही भाजली जाते, आणि चुन्यात न सांगता सुरखी मिसळली जाते. म्हणून कंकराचा चुना दिसायला मळकट, पण स्वभावाने चिवट. आजही भारतीय मानकांत बांधकामाच्या चुन्याचे जे वर्ग केले आहेत, त्यांत कंकराच्या चुन्याला स्वतंत्र 'ई' वर्ग आहे. सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांवर चुन्याचा घाणा अजून पाहायला मिळतो: दगडी गोल चर आणि त्यात फिरणारे जडशीळ चाक. ट्रेकला जाणारी मुले त्यावर बसून फोटो काढतात. त्या चरात चुना, वाळू आणि सुरखी बैलांच्या किंवा रेड्यांच्या ताकदीने तासन्‌तास मळली जाई. हे मळणे केवळ मिसळण्यासाठी नव्हते. त्यात कण आणखी बारीक होत, नवे पृष्ठभाग उघडे पडत आणि चुन्याला सुरखीशी भिडायला जागा मिळे. त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर असे काय काय घालत. गवंड्यागणिक कृती वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटणारी, हे स्वयंपाकघरासारखेच.

आता प्रश्न असा की राख, सुरखी आणि बाटलीची काच यांच्यात समान काय आहे? तिन्ही पदार्थांत सिलिका आहे हे खरे. पण सिलिका तर नदीच्या वाळूतही भरपूर असते आणि वाळू चुन्यात शतकभर राहिली तरी जशीच्या तशी राहते. फरक रचनेत आहे, आणि तो समजायला दिवाळीतला पाक पुरेसा आहे. साखरेचा पाक सावकाश निवला, ढवळला गेला, की साखर धरतो. कण पुन्हा रांगेत बसतात, दाणे दिसू लागतात. तोच पाक कडक करून झटकन थंड केला की चिक्कीतला पारदर्शक, कडकडीत थर तयार होतो. तिथे कणांना रांग लावायला सवडच मिळालेली नसते. जसे वितळले होते तसेच अस्ताव्यस्त ते गोठून जातात. वाळूतला गारेचा दगड म्हणजे साखर धरलेला पाक आणि काच म्हणजे चिक्की. रांगेत घट्ट बसलेल्या कणांना चुना हलवू शकत नाही, अस्ताव्यस्त गोठलेल्यांना मात्र तो सुटे करू शकतो.

पोझ्झुओलीची राखही अशीच चिक्की आहे. ज्वालामुखीतून उडालेला शिलारस हवेत क्षणार्धात थंड झाला आणि त्याची नैसर्गिक काच झाली. म्हणजे रोमन लोक चुन्यात काचच घालत होते, फक्त ती त्यांना निसर्गाने दळून दिलेली होती. विटेची माती सहाशे ते आठशे अंशांना भाजली की तिचीही मूळ रचना मोडते आणि तीही अशी अस्ताव्यस्त, बोलकी होते. फार कडक भाजली तर मात्र पुन्हा नवे स्फटिक धरू लागतात आणि सुरखी मुकी होते. जुने गवंडी सुरखीसाठी फार पक्क्या विटा टाळत, त्याचे कारण हेच. इथे मला नेहमी आपल्या काळ्या पाषाणाची गंमत वाटते. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर ओतलेला तो शिलारस म्हणजे आपलाही ज्वालामुखीच. पण तो जाड थरांत सावकाश निवला, त्याने साखर धरली, म्हणून आपल्याला उत्तम दगड मिळाला, पोझोलाना मिळाला नाही. तो आपल्याला विटा भाजून करावा लागला.

चुना काचेवर नेमके काय करतो? विरलेल्या चुन्याचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ च्या वर जातो. असे पाणी काचेतल्या सिलिकॉन-ऑक्सिजनच्या जाळ्याचे दुवे एकेक करून तोडते. सुटलेली सिलिका चुन्यातल्या कॅल्शियमला आणि पाण्याला धरून एक नवा, चिकट, जेलीसारखा पदार्थ बनवते, आणि तो सुकत-आवळत जाऊन वाळूचे कण एकमेकांना बांधतो. सिमेंटमध्येही ताकद देणारा मुख्य पदार्थ याच जातीचा असतो. त्यासाठी सिमेंटची भट्टी १४५० अंशांवर पेटवावी लागते. चुना आणि काच यांना तो सामान्य तापमानाला, फक्त ओलाव्यात, सावकाश तयार करता येतो. सावकाश हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

बाटलीची आणि खिडकीची साधी काच घेतली तर तिच्यात ७० टक्क्यांच्या आसपास सिलिका, १२ ते १५ टक्के सोड्याचे ऑक्साइड आणि १० टक्क्यांच्या आगेमागे चुना असतो. अगोदरच चुना असलेला पदार्थ चुन्यात परत जातो. शिवाय ही घटना जगभर जवळपास सारखी असते. सुरखीचे तसे नाही. कुठल्या गावची माती, कुठल्या भट्टीची वीट, किती भाजली, यावर सगळे अवलंबून. आजच्या विटांत तर उडती राख, रेताड माती, काहीही असते. भारतीय मानकात सुरखीला, म्हणजे भाजलेल्या मातीच्या पोझोलानाला, आयएस १३४४ असा स्वतःचा क्रमांक आहे, पण बाजारात पोत्यात भरून येणारी लाल पूड त्या कसोटीला उतरेलच असे नाही. काचेचा हा एकसारखेपणा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

इतके सरळ होते तर काच इतकी वर्षे बांधकामात का आली नाही? कारण सिमेंटवाल्यांनी तिची धास्ती घेतली होती, आणि धास्तीला आधार होता. १९४० मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात टी. ई. स्टँटन या अभियंत्याने काँक्रीटच्या एका विचित्र आजाराचे निदान मांडले. काही प्रकारची खडी सिमेंटमधल्या अल्कलीशी भांडते, तिच्याभोवती पाणी शोषून फुगणारी जेली तयार होते आणि काँक्रीट आतून फुटते. काचेचे तुकडे खडी म्हणून वापरले तेव्हा नेमके हेच झाले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ख्रिश्चन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात काचेचे वेगवेगळ्या आकाराचे कण काँक्रीटमध्ये घालून पाहिले. निकाल चक्रावणारा होता. साधारण एक ते सव्वा मिलिमीटरच्या कणांनी सर्वांत जास्त फुगवटा आणला. कण बारीक करत नेले तसा फुगवटा घटत गेला आणि ०.३ मिलिमीटरच्या खाली तो नुकसान करण्याइतका राहिलाच नाही. पुढच्या संशोधकांना तर असे दिसले की काच सिमेंटइतकी बारीक दळली की ती दुसऱ्या खडीचाही हा आजार आटोक्यात आणते.

म्हणजे विष आणि औषध एकच, फरक दळण्याचा. मोठ्या कणाभोवती सुटलेली सिलिका कॅल्शियमपर्यंत पोचण्याआधीच फटीत अडकते आणि तिथे फुगते. बारीक कण सगळीकडे पसरलेले असतात, त्यांची सिलिका सुटताक्षणी शेजारच्या चुन्याला मिळते आणि बंध तयार होतो. ७५ मायक्रॉनच्या, म्हणजे २०० नंबरच्या, चाळणीतून जाणारी पूड ही कामचलाऊ सीमा धरतात. याहून बारीक असेल तर आणखी उत्तम. आपल्या घाण्याचे चाक तासन्‌तास का फिरत असे, याचे उत्तर या प्रयोगशाळेत पुन्हा सापडले असे म्हटले तर फार वावगे होणार नाही. २०२० साली अमेरिकेत दळलेल्या काचेच्या पोझोलानासाठी स्वतंत्र मानक आले. कॅनडात माँट्रियलच्या नन्स आयलंडवरचे डार्विन पूल सुमारे ७०,००० बाटल्यांची पूड सिमेंटमध्ये घालून बांधले गेले. ही सगळी सिमेंटची उदाहरणे आहेत. चुन्याच्या बाबतीत काम आणखी सोपे आहे, कारण चुन्याचा मसाला सच्छिद्र असतो आणि त्यात कॅल्शियमचा तुटवडा कधीच नसतो.

चुन्यावर एवढे अडून बसायचे कारण काय, सिमेंट आहेच की, असे कोणी म्हणेल. नव्या पाच मजली इमारतीच्या खांबांसाठी सिमेंटच हवे, त्यात वाद नाही. जगातल्या कर्बवायूच्या उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा सिमेंटचा आहे, म्हणून त्याचा वापर जपून करावा एवढेच. खरा प्रश्न जुन्या इमारतींचा आहे, आणि तो महाराष्ट्रात तरी रोज डोळ्यांसमोर आहे.

कुठल्याही जुन्या पेठेतला वाडा घ्या. दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंती, त्यांत सागवानी खांब, बाहेरून चुन्याचा गिलावा. ही भिंत श्वास घेते असे आपण म्हणतो. म्हणजे काय, तर जमिनीतून किंवा पावसातून आलेली ओल ती गिलाव्यातून बाहेर टाकते. पावसाळ्यात भिजते, मार्गशीर्षापर्यंत सुकते. मग कधी तरी खालचा गिलावा पोपडतो आणि मालक तिथे कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा पक्का थर मारून घेतात. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही. ती भिंतीच्या आतच वर चढते आणि सिमेंट संपते तिथे बाहेर येते. दोन वर्षांत ओलीची रेघ कमरेवरून खांद्यापर्यंत जाते. मालक सिमेंट खांद्यापर्यंत नेतात. आत कोंडलेल्या ओलीत सागवानी खांबाचा पाय कुजतो, आणि एक दिवस कोपरा बसतो. मग 'जुने बांधकाम, किती दिवस टिकणार' असे म्हणून वाडा पाडला जातो. वाडा म्हातारा झाला म्हणून गेला असे सगळे समजतात. त्याला कोंडून मारले, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

ताकदीचा मुद्दाही इथे उलटा आहे. आयएस २२५० या मानकानुसार एकास चार सिमेंट-वाळूच्या मसाल्याची दाबशक्ती ७.५ मेगापास्कल धरतात. हवेवर घट्ट होणाऱ्या साध्या चुन्याच्या मसाल्याची महिन्याभरानंतर एक-दोनच असते. आपल्याला वाटते जास्त तेच चांगले. पण दर्ज विटेपेक्षा कडक झाली की भिंत हलताना, तापताना, भिजताना तडा दर्जेत न जाता विटेत जातो, आणि वीट बदलणे दर्ज पुन्हा भरण्यापेक्षा कितीतरी कठीण. मसाला हा भिंतीतला सर्वांत मऊ, सर्वांत बदलता येण्याजोगा भाग असला पाहिजे. चुना तो आहे. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या जीर्णोद्धारात छतावर विसाव्या शतकात चढवलेले सुमारे १० लाख किलो काँक्रीट उतरवून तिथे पुन्हा चुना घालावा लागला. इतका बोजा त्या वास्तूने मुकाट्याने वाहिला, यातही तिच्या मूळ चुन्याचे श्रेय आहे.

दुरुस्तीत अडचण अशी येते की साधा चुना पावसाळ्यापूर्वी घट्ट होत नाही आणि चांगली सुरखी मिळत नाही, म्हणून गवंडी मसाल्यात गुपचूप थोडे सिमेंट टाकतो. या 'थोड्या सिमेंटा'ने जितके नुकसान केले आहे तितके उघड सिमेंटनेही केले नसेल. काचपुडीची जागा नेमकी इथे आहे. ती चुन्याला आतून, हवेवाचून घट्ट करते, ताकद दुपटी-तिपटीने वाढवते आणि तरीही मसाला सच्छिद्र ठेवते.

पण काचेचा एक दोष आहे, आणि तिची भलामण करणारे तो घाईघाईने ओलांडून जातात. तिच्यातला सोडा. काचेचे जाळे तुटते तेव्हा सिलिकेबरोबर सोडियमही सुटते. त्यातले काही नव्या बंधात अडकते, पण सगळे नाही. उरलेले ओलीबरोबर भिंतीच्या पृष्ठभागाकडे येते, हवेतल्या कर्बवायूशी मिळून सोड्याचे क्षार होतात, आणि भिंतीवर पांढरा लोणा फुलतो. साध्या गिलाव्यावर तो झाडूने झाडता येतो. पण ज्या भिंतीवर जुनी चित्रे आहेत, नक्षी आहे, किंवा जिथला दगडच मऊ आहे, तिथे हे क्षार छिद्रांत स्फटिक धरतात आणि पृष्ठभाग आतून ढकलून पाडतात. म्हणून चित्रे असलेल्या देवळाच्या गाभाऱ्यात किंवा वाड्याच्या दिवाणखान्यात काचपूड घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे सुरखीच शोधावी. वेरूळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले आढळले, तेव्हा दीड हजार वर्षे टिकलेल्या त्या कामाचे पुष्कळ कौतुक झाले. अशा जागी नवे प्रयोग करणे हे धाडस नव्हे, उद्धटपणा आहे. घराच्या बाहेरच्या भिंती, आवारभिंती, विहिरींचे कठडे, जोत्याच्या दर्जा, नवे एकमजली घर, गोठा, शाळेची खोली, यांसाठी मात्र ती उत्तम.

आणि कुठली काच? हाही प्रश्न वाटतो तितका साधा नाही. महाराष्ट्राचे काचेशी नाते जुने आहे. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव पैसा पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे निघाला, लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत प्रभाकर कंदील झाले आणि त्यांच्या काचा घरोघर फुटू लागल्या. काच कारखान्याला फुटकी काच कधीच नकोशी नव्हती. भट्टीच्या मसाल्यात ती टाकली की मसाला लवकर वितळतो, दर १० टक्के जुन्या काचेमागे अडीच-तीन टक्के इंधन वाचते. त्यामुळे अखंड बाटली धुऊन पुन्हा भरणे हे सर्वांत चांगले, रंगानुसार निवडलेली स्वच्छ काच भट्टीत जाणे त्याखालोखाल, आणि या दोन्ही वाटा जिच्यासाठी बंद झाल्या ती काच चुन्यात. अशी काच कमी नाही. रंगांची सरमिसळ झालेला चुरा, चिनीमातीचे तुकडे मिसळलेला ढीग, किनाऱ्यावर आणि घाटाच्या वळणांवर पडलेल्या बाटल्यांचा खच. भंगारवाला अखंड बाटली घेतो, फुटकी काच बहुधा उचलतही नाही, कारण ती जड असते आणि तिच्या किमतीपेक्षा टेंपोचे भाडे जास्त होते. म्हणूनच ती जवळच्या जवळ दळून जवळच्याच भिंतीत गेली तर हिशेब जमतो. दोनशे किलोमीटरवर नेऊन दळायची असेल तर कर्बवायूच्या हिशेबातही त्यात फारसा अर्थ उरत नाही.

काही काचा मात्र पूर्ण वर्ज्य. जुन्या दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यामागच्या नळीत शिसे असते, उंची चमकदार पेल्यांतही असते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. दवाखान्यातल्या कुप्या दुसऱ्याच कारणासाठी नकोत. मोटारींच्या पुढच्या काचेत प्लास्टिकचा पापुद्रा चिकटलेला असतो, तो दळताना छळतो. बाटल्यांवरची लेबले आणि तळाशी उरलेला गोडवा धुवायला हवा, सिमेंटला साखर अजिबात चालत नाही. चुन्याला मात्र चालते, आपण त्यात गूळ घालतच आलो आहोत.

दळण्यासाठी पोलादी गोळ्यांची फिरती चक्की लागते. घाण्यात बाटल्या टाकून भागत नाही, काच फार चिवट. ही चक्की वीज खाते आणि जितके बारीक दळावे तितकी जास्त खाते, हे खर्चाच्या बाजूला मांडावेच लागेल. काचेची धूळ वाळूच्या धुळीइतकी फुप्फुसांना घातक नसते, कारण सिलिकोसिस जडवते ती स्फटिकी सिलिका. तरी धूळ ती धूळ, नाकातोंडावर फडके हवेच. डोळ्यांना चश्मा तर चुन्यासाठीच हवा. चुना डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि आपल्याकडे बिगाऱ्याला चश्मा देण्याची पद्धत नाही.

कृतीबद्दल थोडे. एक भाग मुरवलेला चुना, अर्धा ते एक भाग काचपूड, तीन भाग स्वच्छ वाळू, इथून सुरुवात करावी. चुना कळी विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. वाळूच्या काही हिश्शाऐवजी काचेचा रवाळ चुराही घालता येतो. नदीच्या वाळूचे जे हाल आपण केले आहेत ते पाहता त्याचा मोह होतो. पण काचेचे दाणे गुळगुळीत असतात, पाणी धरत नाहीत, त्यामुळे माल थापीवरून घसरतो आणि गवंडी वैतागतो. त्याचे वैतागणे हीसुद्धा एक कसोटी आहे, ती मानावी. जर्मनीत काच फुगवून केलेले पोकळ, हलके मणी उष्णतारोधक गिलाव्यात घालतात, त्यांचे काम वेगळे, ते फक्त भर म्हणून असतात.

आणि मग तो मघाचा 'सावकाश' शब्द. काच चुन्याशी बोलते ती ओलाव्यात. गिलावा लावून दुसऱ्या दिवशी उन्हात वाळू दिला तर संवाद तिथेच थांबतो, आणि काचपूड ही नुसती महागडी धूळ ठरते. ओली पोती टांगून दोन ते चार आठवडे भिंत दमट ठेवावी लागते. नुसते दिवसातून दोनदा पाणी मारून भागत नाही. ठेकेदाराला हे परवडत नाही, कारण परांची तेवढे दिवस अडकून पडते. माझ्या मते चुन्याच्या पुनरागमनातली सर्वांत मोठी अडचण रसायनशास्त्राची नाही, परांचीच्या भाड्याची आहे. पावसाळा सरताना, आश्विन-कार्तिकात काम धरले तर हवेतली ओल आपोआप मदत करते. दिवाळीच्या आधी भिंतींना चुना काढायची जुनी पद्धत या हिशेबानेच पडली असेल असा दावा मी करणार नाही, पण वेळ चांगली जुळते.

मिळालेली पूड खरोखर काम करते का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मुरवलेल्या चुन्याच्या दोन गोळ्या करा, एक नुसत्या चुन्याची आणि दुसरी तितक्याच काचपुडीबरोबर मळलेली. दोन्ही दोन दिवस ओल्या फडक्यात ठेवून, मग झाकणाच्या बरणीत पाण्याखाली सोडा आणि बरणी महिनाभर उबदार कोपऱ्यात ठेवून द्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये लुई व्हिका हा अभियंता पाण्यात बुडवलेल्या चुन्याला सुई टोचून जवळजवळ हेच करत होता, त्याच्या नावाची सुई सिमेंटच्या प्रयोगशाळांत अजून आहे. आपल्याला दाभण पुरते. नुसत्या चुन्याच्या गोळीत ते मूठभर जोरानेही आरपार जाईल. दुसऱ्या गोळीवर ते अडले तर पूड चांगली आहे, आणि तेही सरळ आत गेले तर ती आणखी बारीक दळून आणायला हवी.